एका भरतीपुरती मोटार

मोटार चांगली होती, हे मी आधीच सांगून टाकतो. नाहीतर लोक बोलतात, धाकूचा हरिहरवर राग म्हणून तो गाडीलाही नावं ठेवतो. गाडीने माझं काय घोडं मारलंय? चार दारांची, राखाडी रंगाची, ना लहान ना मोठी, ठाण्याचे डॉक्टर-वकील घेतात तसली साधी मोटार. किल्ली फिरवली, बटण ओढलं, की लगेच चालू. लढाईच्या दिवसांत मी कल्याणच्या कँपात मिलिटरीची लारी चालवलेली. तिचं हँडल मारताना खांदा निखळायचा आणि गियर टाकताना दात खायची नुसती. ही मोटार तसलं काही करत नव्हती. गियरचा दांडा हातातल्या चाकाच्या खालीच, दोन बोटांनी ढकलला तरी बसायचा. वळायचं असलं की खटका दाबायचा, मग दाराजवळून एक छोटा पिवळा हात बाहेर यायचा. मी तो उगाच दोनदा काढून बघितला.

आमचा गाव ठाण्याच्या बाहेर, कशेळीच्या पुलाच्या अलीकडे, खाडीला लागून. स्वराज्य येऊन सात-आठ वर्षं झालेली तेव्हा. बापजाद्यांनी मिठागरात घाम गाळून थोडी थोडी जमीन केली, आणि तिच्याभोवती मातीचा बांध घातला. बांधाच्या पलीकडे खाडी, अलीकडे सगळ्या गावाचं भात. बांधाला एक लाकडी दार आहे, त्याला आम्ही उघाडी बोलतो. ओहोटी लागली की उघाडीच्या फळ्या काढायच्या, शेतातलं पाणी खाडीत सोडायचं. भरती यायच्या आत फळ्या परत बसवायच्या आणि फटींना चिखल लिंपायचा. कापणीच्या आधी शेत सुकवायचं असतं, तेव्हा हे रोजचं काम. एवढं एक काम चुकलं तर खारं पाणी आत. मग उभं भात जातं ते जातंच, पण जमीनही दोन-तीन पावसाळे धुतल्याशिवाय दाणा देत नाही.

म्हणून गावात पाळी लावलेली. एक जुनी बांबूची काठी आहे, ती ज्याच्या घरात त्याची पाळी. काठी घेऊन माणूस बांधावर बसला की बाकीच्यांनी उघाडीकडे फिरकायचंसुद्धा नाही. दुसऱ्याच्या पाळीत डोकावणं म्हणजे त्याच्या तोंडावर त्याला बिनभरवशाचा बोलण्यासारखं. यावरून आमच्यात डोकी फुटलीत. आणि ज्याच्या पाळीत पाणी आत आलं, त्या घराने सगळ्या गावाला नुकसानीचं भात भरून द्यायचं. तशी वेळ माझ्या आयुष्यात कधी आली नव्हती.

त्या दिवशी नव्याची पुनव होती, नव्या भाताचा सण, आणि पाळी आमच्या घराची. पुनवेला उधाण. भर दुपारी पाणी बांधाच्या गळ्याशी येतं, हे आमच्याकडे रांगतं पोरसुद्धा सांगेल.

आणि नेमकी त्याच दिवशी आमच्या दादाला, काळुरामला, मोटारीत बसायची हौस आली. हौस आणली हरिहरने. हा हरिहर कुठल्याशा कंपनीचा माणूस. कंपनीला कारखान्यासाठी आमचा सगळा खार, म्हणजे बांधाच्या आतली जमीन, पाहिजे होता. गावाने त्याला चहा पाजून परत पाठवलेला, एकदा नाही, कितीतरी वेळा. मग त्याने एकट्या दादाला धरलं. दादा घरातला मोठा, जमीन त्याच्या नावावर, आणि कोणी ‘काळुरामशेठ’ बोललं की हा विरघळला. मी तोंडावर सांगितलेलं, "दादा, तो तुला शेठ बोलतो तेव्हा त्याचं लक्ष तुझ्या पायाखालच्या मातीकडं असतं." दादा हसला नुसता.

आदल्या दिवशी हरिहरचा ड्रायव्हर गाडी आमच्या अंगणात लावून निघून गेला. गाडीजवळ झोपायला एक दांडगा पहारेकरी ठेवलेला, कुठून घाटावरून आलेला, कोणाशी बोलेना. सकाळी हरिहर पांढऱ्या कपड्यात हजर.

"काळुरामशेठ, आजचा दिवस गाडी तुमची," तो बोलला. "फिरवा, बसून बघा. ड्रायव्हरला ताप भरलाय, आणि मला तर चालवता येत नाही. तुमचा धाकू आहे ना? लष्करात गाडी हाकलेला माणूस. त्याच्यासारखा दुसरा कुठे मिळणार?"

माझी बायको गोदा दारात उभी होती. हातात भाताच्या नव्या लोंब्या, दाराला बांधायला आणलेल्या. ती दादासमोर बोलत नाही कधी, पण त्या दिवशी पदर डोक्यावर ओढून बोलली, "पाळी आपली हाय आज. नि दोघंही बाप्ये चालले?"

"पाळीची सोय केलीय मी," दादा बोलला. "भरतीच्या आत येतंव पण."

मला वाटलं, काठी शेजारच्या दगडूला दिली असणार. अडीअडचणीला दगडूच घेतो आमची पाळी. मी विचारलं नाही, आणि खरं सांगू का, चाकावर हात ठेवल्यावर मला दुसरं काही सुचतही नव्हतं. दादा मागे शेठसारखा पसरला, हरिहर माझ्या डाव्या बाजूला बसला, आणि आम्ही निघालो.

आधी ठाण्यात गेलो. बाजारात नवरात्राच्या मांडवाचे बांबू अजून उतरवत होते. हरिहरने गाडी थांबवायला लावली, झेंडूचा हार आणला, नारळ फोडला, दादाच्या कपाळाला स्वतःच्या बोटाने कुंकू लावलं. दादा काच खाली करून बसलेला. ओळखीचं कोणी दिसलं की त्याची मान ताठ. एक-दोघांनी हात जोडले तर याने असा हात वर केला की बघून मला हसू आलं. पण आतून बरं नव्हतं वाटत. नारळ फोडला तो नासका निघाला. तसा मी देवभोळा नाही, नासका निघाला तो निघाला. पण हरिहरने पटकन तो गटारात टाकला आणि दादाला दिसू दिला नाही, हे मी बघितलं.

मग आग्रा रोडला लागलो. सपाट रस्ता मिळाला आणि गाडीने जी काय चाल धरली! इंजिनचा आवाज एवढा कमी की दादाचं घोरणं ऐकू यावं. लारीत खड्डा आला की कवटीपर्यंत कळायचा, हिच्यात गादी थोडी दबली की झालं. चाक एवढं हलकं की सुरुवातीला मी जास्त फिरवायचो आणि गाडी कडेच्या बाभळीकडे जायची. थोड्या वेळात सवय झाली. वेगाचा काटा वर वर चाललेला आणि मला वाटलं, आयला, असं जगायला काय हरकत आहे?

कशेळीच्या पुलावर मात्र मी काटा खाली आणला. खाली चिखल उघडा पडलेला, पण पाण्याने तोंड फिरवलं होतं. ओहोटीचं पाणी आणि भरतीचं पाणी आम्हाला रंगावरून कळतं. भरती आतमध्ये शिरताना तिच्या कडेला फेसाची बारीक रेघ असते. ती रेघ आमच्या गावाकडे निघालेली.

"दादा, भरती लागली," मी बोललो.

"लागू दे की. माणूस बसलाय."

भिवंडीत कापडाच्या मागांचा खडखडाट, कोनच्या पुढे गवताच्या बैलगाड्या, मग दुर्गाडीचा पूल. तिथे खाली चिखल दिसतच नव्हता. हरिहर एकसारखा बोलत होता. ही जमीन कुणी विकली, तो आज कुठे राहतो, त्याचा मुलगा इंग्रजी शाळेत कसा जातो. पलीकडे निर्वासितांच्या कँपाकडे बोट दाखवून बोलला, "बघा, एका रात्रीत लोकांची घरं गेली आणि एका रात्रीत गाव वसलं. जमिनीला कोण चिकटून राहतो आता?" आवाज गोड. पण तो दर थोड्या वेळाने मनगटावरचं घड्याळ बघायचा, आणि बघून झालं की बाही खाली ओढायचा.

"परत फिरू या का?" मी विचारलं.

"अहो, शहाडला कारखान्याची नवी चिमणी बघायची राहिली," हरिहर बोलला. "मग कल्याणला जेवण सांगितलंय. शेठना उपाशी नेऊ का घरी?"

"मी नाय जेवत. मला भरतीच्या आत पोचायचंय."

"अरे, काय लावलंयस धाकू?" दादा मागून खेकसला. "बायकोचा पदर सुटेना होय रे तुला?"

मला असा राग आला! पण मोठा भाऊ. मी दात आवळले आणि गाडी शहाडच्या रस्त्याला लावली.

शहाडच्या अलीकडे रस्त्याला वळण होतं. वळणाच्या पलीकडून म्हशींचा तांडा आडवा आला. एकदम दहा-वीस काळी धुडं समोर. मी ब्रेक दाबला, मागोमाग क्लच. गाडी जराशी घसरली आणि पहिल्या म्हशीच्या शिंगापाशी थांबली. गाडीचं नाव काढायला पाहिजे, दुसरी असती तर आम्ही म्हशीच्या पोटात असतो. पण मी गाडीकडे बघतच नव्हतो. मी हरिहरच्या पायांकडे बघत होतो.

घाबरलेला माणूस दोन्ही पाय एकदम ताणतो. हरिहरचा उजवा पाय आधी गेला, डावा लगेच मागून. उजवा ब्रेकवर, डावा क्लचवर. तिथे ना ब्रेक होता ना क्लच, नुसता पत्रा. पण पाय शिकलेले होते.

"तुला गाडी येते," मी बोललो.

हरिहरने पाय हळूच मागे घेतले.

"तुला चांगली गाडी येते, रे! मग मला कशाला आणलंस?"

"धाकू, तोंड सांभाळ," दादा बोलला.

मी इंजिन बंद केलं आणि मागे वळलो. म्हशी अंग घासत दोन्ही बाजूंनी चाललेल्या, गुराखी शिव्या देत होता. मी विचारलं, "दादा, काठी कोणाला दिलीस?"

दादाने बाहेर बघितलं.

"दगडूला ना?"

"दगडू नको बोलला. बोलला, तू जमीन विकायच्या गोष्टी करणार नि तुझी पाळी मी राखू? गावात कोणीच घेतली नाय. तोंडं फिरवली सगळ्यांनी." दादाचा आवाज चढला. "मग काय नाक घासू त्यांच्या दारात? हरिहरभाऊ बोलले, आमचा माणूस बसवा. त्या पहारेकऱ्याच्या हातात दिली काठी. धडधाकट माणूस हाय."

आमच्या गावाची काठी, माझ्या आज्याने, त्याच्या बापाने धरलेली, परक्याच्या हातात. आणि गावाला काय दिसणार? लांबून बांधावर काठी घेऊन बसलेला एक माणूस. काळुरामच्या घरचा कोणीतरी असेल. कोणी फिरकणार नाही. सणाचा दिवस, सगळे घरात, लोंब्या बांधताहेत, नव्या तांदळाची खीर शिजतेय.

मी गाडी तिथेच वळवली. म्हशींच्या मधून, हॉर्नवर हात दाबून.

"जेवण सांगितलंय," हरिहर बोलला.

"जेव तू. उतर नि जेव."

"गाडी माझी आहे, धाकू."

"मग घे. चाक घे हातात. येतं ना तुला?"

तो उतरलाही नाही आणि त्याने चाकही मागितलं नाही. रुमाल काढून कपाळ पुसलं आणि खिडकीबाहेर बघत बसला. मला त्याने भांडायला पाहिजे होतं. भांडला असता तर जरा धीर आला असता. एवढा शांत माणूस मी कोणाच्या मयतातही बघितलेला नाही.

येताना ओलांडलेलं रेल्वेचं फाटक आता बंद. मालगाडी. एकामागून एक वाघिणी, संपतच नव्हत्या. मी चाकावर मुठी आपटल्या. फाटकवाला विडी ओढत माझ्याकडे बघत होता, त्यालाही मी चार शब्द ऐकवले, त्या बिचाऱ्याचा काही संबंध नसताना. फाटक उघडलं तसा मी सुटलो. कल्याणातून लोक बाजूला उड्या मारत होते. दुर्गाडीच्या पुलाखाली पाणी काठोकाठ, होड्या वर आलेल्या. कोनच्या रस्त्यावर मी गाडीला जेवढं पळता येतं तेवढं पळवलं, आणि ती पळाली. कुठे अडली नाही, तापली नाही, कुरकुरली नाही. सकाळी जिचं कौतुक केलं तिचा आता मला संताप येत होता. एवढी चांगली चालत होती तरी कमीच पडत होती.

भिवंडी मागे पडल्यावर मी विचारलं, "दादा, त्याला फळ्यांचं सांगितलंस ना?"

मी आरशात बघितलं. दादाच्या कपाळावरचं कुंकू घामाने नाकावर उतरलेलं.

"दादा! फळ्या कवा बसवायच्या, चिखल कसा लावायचा, सांगितलंस?"

"सांगायचं काय त्यात?" दादा पुटपुटला. "काठी हातात दिली. बोललो, पाण्यावर लक्ष ठेव."

आमच्यात कोणी कोणाला फळ्यांचं सांगत नाही. श्वास घे म्हणून सांगतं का कोणी? काठी घेतली म्हणजे फळ्या आल्याच. दादाला ते सांगायला पाहिजे होतं हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. माझ्याही आलं नसतं कदाचित, परक्याला काठी द्यायची वेळ कोणावर आलीय कधी? मी हरिहरकडे बघितलं. त्याला सगळं कळत होतं. त्याने आमच्या अंगणात किती संध्याकाळी बसून दादाला उघाडीबद्दल विचारलेलं, आणि दादाने कौतुकाने सगळं समजावलेलं.

कशेळीच्या पुलावरून आमचा बांध लांबून दिसतो. खाडीतल्या तिवराच्या झाडांचे नुसते शेंडे पाण्याच्या वर होते. बांध दिसला, बांधावर तो माणूसही दिसला, काठी मांडीवर आडवी घेऊन बसलेला. मला क्षणभर एवढं हायसं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. बसलाय म्हणजे सगळं ठीक आहे. मग बांधाच्या अलीकडची बाजू नजरेला पडली. तिथे भात पिवळं दिसायला पाहिजे होतं. तिथेही आभाळच दिसत होतं.

गाडी बांधापर्यंत नेता येत नव्हती. मी ती चिखलात तशीच सोडली आणि धावलो. पाणी उघाडीतून आत येऊन येऊन आता थांबलेलं, दोन्हीकडे सारखं झालेलं. फळ्या बांधावर सुकत पडलेल्या, सकाळी दादाने काढून ठेवल्या होत्या तशाच, एकावर एक. तो पहारेकरी मला बघून उठून उभा राहिला.

"पाणी आलं," तो बोलला. "मी बघत होतो. हललो नाही जागेवरून."

त्याला मारावं तर त्याच्या तोंडावर लबाडी नव्हती. त्याने सांगितलं तेवढं केलेलं. आयुष्यात कधी खाडी न बघितलेला माणूस, त्याला वाटलं पाणी रोज असंच येत असेल.

गावातून लोक यायला लागले. कोणीतरी गच्चीवरून बघितलं असावं. आरडाओरडा होईल असं मला वाटलेलं, पण कोणी ओरडलं नाही. बायका कमरेला कोयते खोचून आलेल्या. लोंब्या पाण्याच्या वर होत्या तेवढ्या कापायला त्या सरळ आत उतरल्या, कच्चं-पक्कं न बघता. गोदा त्यांच्यात होती. माझ्या बाजूने गेली पण माझ्याकडे बघितलं नाही. छातीपर्यंत पाण्यात जाऊन ती आमचं भात सोडून दगडूचं कापायला लागली.

दगडू बांधावर आला. त्या पहारेकऱ्याच्या हातून त्याने काठी काढून घेतली आणि दादा पोचेपर्यंत थांबला. दादा धापा टाकत आला.

"काळुराम, पाळी कोणाची?" दगडूने विचारलं. सगळ्या गावाला ठाऊक होतं, तरी विचारलं. तसं विचारावंच लागतं.

"माझी," दादा बोलला.

आता भरून द्यायचं ते सगळ्या गावाचं भात. आमची जमीन, बैल, गोदाच्या अंगावरचं किडूकमिडूक सगळं घातलं तरी ते भरून निघणारं नव्हतं. आणि त्या जमिनीत आता मीठ, ती कोण घेणार?

हरिहर सावकाश चालत आला. बुटांना चिखल लागू नये म्हणून पाय बघून टाकत होता. बांधावर उभा राहिला आणि त्याने पाण्यावरून नजर फिरवली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. अंगणात उभं राहून घर मापतात तशी.

"फार वाईट झालं, शेठ," तो बोलला. "पण मी आहे."

मग मात्र माझं डोकं फिरलं. मी एक फळी उचलली. ती त्याच्या डोक्यात घालायचीच होती मला, फाशी झाली तरी चालेल. हात वर गेला होता. तेवढ्यात मागून दादाने माझं मनगट धरलं, दोन्ही हातांनी, एवढं घट्ट की फळी खाली पडली. दादा रडत होता. बाप मेला तेव्हासुद्धा मी त्याला रडताना बघितलं नव्हतं.

"नको रे धाकू," तो बोलला. "त्याला काय करू नको. आता आपली जमीन घेणारा तो एकटाच उरलाय."